गीता ३.१० : इथे राहायचं कोणत्या अटीवर?



तिसऱ्या अध्यायात आपण आज दहाव्या श्लोकावर आलोय. पाठ करताना हा श्लोक जिभेवरून पटकन सरकतो. आधीचा नववा कर्मबंधनावरचा आहे, त्यावर सगळे प्रवचनकार थांबतात. पुढचा चौदावा अन्न आणि पावसाच्या चक्राचा आहे, तो शाळेतल्या गीतापाठाच्या स्पर्धेत म्हणून पाठ असतो. मधला दहावा तसाच निघून जातो. पण नीट बघा, या दोन ओळींत अख्खी सृष्टीची कथा बसवलेली आहे. प्रजापतीनं आरंभी प्रजा निर्माण केली, ती यज्ञासकट. आणि निर्माण करून झाल्याझाल्या म्हणाला, याच्या आधारानं वाढा, हीच तुमची कामधेनू.

संपली कथा. जग किती दिवसांत झालं, आधी पाणी होतं की अंधार, पहिला माणूस कोण, यातलं काही नाही. पुराणांमध्ये ते सगळं भरपूर आहे, पण इथे कृष्णाला त्यात रस दिसत नाही. त्याला एवढंच सांगायचंय की माणूस जगात आला त्याच क्षणी त्याचं देणंही आलं. आधी जन्म आणि मग पंचविशी-तिशीत जबाबदारी, असा आपला हिशोब असतो. प्रजापतीचा तसा नाही.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर बोलताना एक फार गोड प्रसंग घालतात, जो मूळ श्लोकात नाही. प्रजा निर्माण तर झाली, पण यज्ञ ही गोष्ट सूक्ष्म, ती काही तिच्या लक्षात येईना. तेव्हा प्रजेनंच ब्रह्मदेवाला विनवलं की देवा, इथे आम्हाला आश्रय कशाचा? मग ब्रह्मदेवानं त्यांना स्वधर्म सांगितला. मला हे वाचताना दर वेळी नव्या शहरात पहिल्यांदा रूम बघायला गेलेली पोरं आठवतात. बॅग पाठीवर, चेहऱ्यावर थोडी भीती. पाणी किती वाजता येतं, गेट कधी बंद होतं, डिपॉझिट किती? सगळी माणूसजात तशी दारात उभी आहे आणि विचारतेय, इथे राहायचं कोणत्या अटीवर?

तर आज या प्रश्नाचं चिंतन. आणि त्यासाठी जरा लांब जाऊन परत आपल्या साक्रीला येणार आहे. थोडा धीर धरा.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ईशान्येला, तीन उंच पठारं आहेत. त्यांच्यावर आणि पायथ्याशी होपी लोकांची गावं आहेत. त्यातलं ओरायबी हे गाव साधारण बाराव्या शतकापासून सलग नांदतंय. म्हणजे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली त्याच्या आधीपासून तिथे चुली पेटतायत. 'होपी' या नावाचाच अर्थ नीट वागणारा, शांतपणे, रीतीनं जगणारा असा आहे. म्हणजे नाव घेतलं की अट आलीच!

त्यांची सृष्टीची कथा एक नाही. प्रत्येक कुळाची थोडी वेगळी, आणि तिचा बराचसा भाग दीक्षा घेतलेल्यांसाठीच राखलेला. बाहेरच्यांना त्यांनी स्वतः जेवढं सांगितलंय तेवढंच मी इथे सांगते. हे आताचं जग चौथं. आधीची जगं खालच्या अंगाला होती. तिथली माणसं आपण कुठून आलो ते विसरली, भांडली, माजली, आणि ती जगं राहण्यालायक उरली नाहीत. ज्यांची मनं साफ राहिली त्यांना कोळीआजीनं वाट दाखवली. हो, आजी! त्यांच्याकडे कोळी-आजी ही फार मोठी देवता आहे. तर खालच्या जगातल्या माणसांना वरून कुणाच्या तरी पावलांचा आवाज यायचा. वर कोणीतरी राहतंय, हे त्यांना कळलं. मग त्यांनी पाखरं पाठवली, बघून या म्हणून. वर मासाऊ होता, या पृथ्वीचा राखणदार. त्याची परवानगी मिळाल्यावर माणसं एका पोकळ बोरूच्या आतून चढून या जगात आली.

आणि आल्यावर त्यांनी विचारलं, आम्ही इथे राहू का? मासाऊकडे काय होतं? जमीन उकरायची एक काठी, बियाण्याची थैली, पाण्यानं भरलेला एक भोपळा. त्यानं ते पुढे केलं. माझं जगणं असं साधं आहे, तुम्हाला असं जगायचं असेल तर राहा, जमीन मात्र माझी, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ब्रह्मदेवापुढे उभी असलेली माउलींची प्रजा आणि मासाऊपुढे उभे असलेले होपी, दोघांचा प्रश्न एकच! फरक आहे तोही मोठा आहे, तो पुढे येतोच.

मक्याच्या कणसाचा प्रसंगही सांगायला हवा. वर आल्यावर सगळ्या जमातींपुढे वेगवेगळी कणसं ठेवली गेली. लांब, भरदार, पिवळीजर्द कणसं इतरांनी घेतली. होपींच्या वाट्याला, काही कथांमध्ये त्यांनी स्वतः निवडून, निळं आखूड कणीस आलं. अर्थ असा की आयुष्य कष्टाचं असेल, पण टिकेल. ही गोष्ट नुसती सांगण्यापुरती नाहीये. तिथे वर्षाला जेमतेम २५ सेंटीमीटर पाऊस पडतो. नदीचं पाणी फिरवून शेती करायची सोय नाही. तरी ते लोक मका पिकवतात. बी वीतभर, कधी त्याहून खोल टोचतात, म्हणजे खालची ओल मिळते. एका खड्ड्यात बरेच दाणे आणि दोन खड्ड्यांत भरपूर अंतर. हे करताना हातात जी काठी असते ती मासाऊनं दिलेली काठी असते. म्हणजे पेरणीच्या दिवशी तो माणूस कथेच्या आत उभा असतो. बाळ जन्मलं की वीस दिवस त्याला उन्हात आणत नाहीत, शेजारी मक्याचं एक निर्दोष कणीस ठेवतात, ती त्याची दुसरी आई. विसाव्या दिवशी पहाटे बाहेर आणून उगवता सूर्य दाखवतात. रोजच्या जगण्यात पुराणकथा असते ती अशी.

(युट्यूबवर 'होपी भविष्यवाणी' शोधलंत तर जगबुडीचे शेकडो व्हिडिओ सापडतील. ते सोडून द्या. त्यांच्या भाषेतला 'कोयानिस्कात्सी' हा शब्द, म्हणजे तोल गेलेलं जगणं, १९८२ च्या एका सिनेमामुळे जगभर पोचला. तो सिनेमा जरूर बघा. पण ज्या कथेनं 'नीट पेर' सांगितलं तिच्यातून तारखा काढत बसणं म्हणजे ज्ञानेश्वरीत शेअर बाजाराचा अंदाज शोधण्यासारखं आहे.)

याच मक्याच्या पिठाची ते 'पिकी' नावाची पोळी करतात. तापलेल्या सपाट दगडावर पातळ पीठ उघड्या हातानं सारवायचं, कागदासारखा पापुद्रा उचलायचा आणि गुंडाळायचा. खानदेशी माणसाला हे वाचून काय आठवणार? खापरावरचे मांडे! उपड्या खापरावर, हाताच्या कोपरापर्यंत ताणलेली ती पुरणपोळी. आमच्या मोठ्या मायच्या हाताला चटका कसा बसत नव्हता हे मला अजून कळलेलं नाही.

चला, आता घरी येऊ.

साक्रीहून दहिवेलमार्गे कोंडाईबारीच्या घाटाकडे निघालात, किंवा पिंपळनेरहून पश्चिमेला वर चढलात, की गावं बदलतात, बोली बदलते. हा कोकणी, भिल्ल, मावची लोकांचा पट्टा. पलीकडे नवापूर, खाली गुजरातचं डांग. नागली, भात, वरईची शेतं. या भागात धान्याला कणसरी म्हणतात, आणि कणसरी म्हणजे धान्यही आणि देवीही. दोन वेगळे अर्थ नाहीत, एकच. तिची कथा रात्र रात्र गातात. काशाच्या थाळीत मेण लावून एक काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढत राहायचं. त्या घुमणाऱ्या आवाजावर कथा चालते. मी ती अर्धीमुर्धी, लहानपणी, दुरून ऐकलीये. ती कथा सांगायचा हक्क गाणाऱ्यांचा आहे, म्हणून तिच्यात काय घडतं ते मी इथे उतरवणार नाही. पण तिच्या मागची रीत साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. नवं धान्य, नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. पोटात भूक असली तरी नाही. आधी विचारायचं, मग खायचं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचं व्रत असतं, तेव्हा व्रत धरलेली माणसं पावरीच्या सुरावर नाचत गावोगाव फिरतात आणि पौर्णिमेला डोंगरावर जातात. डोंगराला भेटायला जातात, असंच म्हणावं लागेल. आणि सातपुड्याच्या अंगाला देवमोगरा माता, याहामोगी. दुष्काळात हिनं कोठारं उघडी करून माणसं जगवली असं सांगतात. महाशिवरात्रीला धुळे-नंदुरबारकडून हजारो लोक नव्या पिकाच्या टोपल्या घेऊन तिच्याकडे जातात. तिलाही कणी-कणसरी म्हणतात.

साक्रीत, आमच्या कान नदीच्या काठी, हीच गोष्ट दुसऱ्या रूपात येते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळात देवी मांडायची, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर. बाहेरगावी गेलेली सगळी पोरं त्या दिवशी घरी. आणि रोट! रोटाचं धान्य मोजून घेतात, घरातल्या माणशी सव्वा मूठ. ते भाऊबंदांनीच खायचं, वाया घालवायचं नाही. दळताना दाणा खाली सांडला आणि आमच्यातल्या कुणाचा पाय पडला की मोठी माय ओरडायची, "पाय नको देऊ रे, लक्ष्मी शे ती!" आम्ही दाणा उचलून कपाळाला लावायचो.

इथे एक खटकणारी गोष्ट बोलायलाच हवी. माणशी म्हटलं, पण पुष्कळ घरांत ती मूठ पुरुषांची मोजतात. आमच्याही घरात तसंच होतं. दादाची सव्वा मूठ, चुलतभावांची सव्वा मूठ, पाळण्यातल्या पुतण्याचीसुद्धा. मी धान्य निवडायला होते, मोजायला नव्हते. तेव्हा सृष्टीची कथा, कुळाची कथा आपल्याला अट सांगते हे खरं, पण कुणाला कुटुंबात धरायचं आणि कुणाला नाही हेही तीच सांगते. त्यातलं सगळंच देवानं सांगितलेलं असतं, असं मला वाटत नाही. प्रजापती प्रजा म्हणाला, पुरुष म्हणाला नव्हता. आता काही घरांत लेकींच्याही मुठी मोजतात. कानबाई रुसल्याचं अजून ऐकलं नाही!

आता खरा प्रश्न. आपण बहुतेक जण शहरात राहतो. मी पुण्यात राहते. माझा तांदूळ ॲपवरून येतो, दहा मिनिटांत. मला मासाऊ भेटलेला नाही, कणसरीची रात्र मी जागलेली नाही. मी पैसे दिले, डिलिव्हरीवाल्या दादांना पाच तारे दिले. मग माझा हिशोब मिटला की नाही?

दोन श्लोक पुढे, बाराव्यात, कृष्ण फार कडक शब्द वापरतो. देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर. आपल्याला वाटतं, हा शब्द माझ्यासाठी नाही, मी तर जीएसटीसकट बिल भरलं. पण पैसे दिले कुणाला? दुकानदाराला, ॲपला, फार तर शेतकऱ्याला. पिंपळनेरच्या बाजारात कांद्याचा भाव पडतो त्या आठवड्यात शेतकऱ्यालाही पुरते मिळत नाहीत, तो भाग वेगळाच. त्या तांदळात जे पाणी गेलं, जी माती झिजली, जे बी कुणाच्या तरी आजीनं राखेत घालून जपलं, त्यातल्या एकालाही माझा यूपीआय पोचत नाही. बाजार माणसामाणसांतला हिशोब मिटवतो. तेवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं नीट केलं तरी पुष्कळ. सृष्टीचा हिशोब मिटवायला तो बसलेलाच नाही.

म्हणून जुन्या रीती अशा विचित्र वाटतात. देवाला दाखवलेला घास देव तर खात नाही, मग दाखवायचा कशाला? माझ्या समजुतीप्रमाणे तो घास म्हणजे किंमत नाहीच. किंमत दिली की व्यवहार संपतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. घास दाखवला की व्यवहार चालू राहतो. 'हे माझं नव्हतं, अजूनही पूर्ण माझं नाही' असं रोज तोंडानं म्हणावं लागतं. कर्ज फेडता येतं. इथे फेडायचं काही नाहीये, मान्य करत राहायचंय.

आणि हे फक्त पुराणातलं आहे असं समजू नका. घरी सातबारा असेल तर काढून बघा. आपण म्हणतो जमीन 'मालकीची'. कागदावर मालक हा शब्द नसतो. तिथे लिहिलेलं असतं, 'भोगवटादार वर्ग १'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, तिच्या दृष्टीनं जमीन धारण करणारा तो भोगवटादार. भोगणारा! तिसऱ्या अध्यायात कृष्णानं बाराव्या श्लोकात भोग हाच शब्द घेतलाय. तलाठ्यानं गीता वाचून फॉर्म छापला नसणार, पण मासाऊ जे म्हणाला त्याच्या हे फार जवळ आहे. शिवाय सातबारा हा एक कागद वाटला तरी दोन नमुने आहेत. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, आणि बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हक्क वर आणि त्याखाली, बाई गं, यंदा तू पेरलंस काय? काही पेरलं नसेल तर 'पड' अशी नोंद होते.

हे सगळं मला आत्ताच का सुचतंय, तर आमच्या सातबाऱ्यावर दीड वर्षापूर्वी वारसनोंदीनं माझं नाव लागलं. वडिलांमागे आई, दादा आणि मी. २००५ च्या कायद्यानंतर लेकींचा हक्क भावाइतकाच आहे, आणि दादानं हक्कसोडपत्राचा विषयही काढला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. रोटाच्या मुठीत नव्हते ती मी नमुना सातमध्ये आले! आता हायवेच्या कडेच्या जमिनींना गिऱ्हाईक आलंय. सुरतेकडे जाणारा तो रस्ता रुंद झाल्यापासून आमच्या भागात रोज कुणीतरी मोजणी करतंय. आमच्या शेतालाही विचारणा आली. आकडा असा आहे की पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज एका दिवसात संपेल.

ते शेत गेली कित्येक वर्षं बटाईनं आहे. करणारे नाना भिल्ल समाजातले. त्यांचे वडील आमच्या आजोबांकडे सालदार होते. कुठल्या कोपऱ्यात पाणी धरतं, कुठे खडक वर आहे, बांधावरच्या कडुनिंबाला कधी मोहोर येतो, हे त्यांना माहीत आहे. मला माहीत नाही. बाजरी ते पेरतात, मका ते पेरतात, नमुना बारातली सगळी पिकं त्यांच्या हातची. पण कूळ कायद्याच्या धास्तीनं बटाईदाराचं नाव कागदावर लावायची आमच्याकडे सरसकट रीतच नाही. म्हणजे हक्काच्या नोंदीत मी, पेरलेल्या पिकात ते, आणि कागदावर ते कुठेच नाहीत.

विकायची की नाही यावर आम्ही तिघं फोनवर तासभर बोललो. दादाचं म्हणणं सरळ होतं. पाऊस भरवशाचा नाही, विहीर मार्चमध्ये तळ गाठते, त्याच्या पोरांना शेती करायची नाही. यात चुकीचं काय आहे? काही नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. माझ्या हातात तर खुरपंसुद्धा कधी टिकलं नाही. मग आई म्हणाली, "नानांना कुणी विचारलं का?"

आम्ही दोघं गप्प. आईनं होपी हे नावही ऐकलेलं नाही. पण वर पावलं वाजतायत, तिथे आधीच कुणीतरी राहतंय, त्याला विचारल्याशिवाय जाऊ नये, हे त्या खालच्या जगातल्या माणसांना कळलं होतं तेच ती बोलत होती.

माउलींच्या आणि होपींच्या गोष्टीतला फरक पुढे येईल म्हटलं होतं, तो हा. आपल्या कथेत प्रजा येते तेव्हा जग रिकामं असतं, ती देवाशी बोलते, आणि देवाशी बोलणं तसं सोपं. देव सातबाऱ्यावर हिस्सा मागत नाही. होपींच्या कथेत मात्र तुम्ही येता तेव्हा जागा रिकामी नसते. मला वाटतं, साक्रीसारख्या ठिकाणी ही दुसरी गोष्ट जास्त खरी आहे. हे डोंगर, ही नदीकाठची जमीन ज्यांनी आधी राखली ते अजून इथेच आहेत, बहुतेक दुसऱ्याच्या शेतावर. १९७२ च्या सुमाराला शहाद्याकडे, तेव्हा तो धुळे जिल्हाच होता, अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे भिल्ल लोक उभे राहिले ते हातच्या गेलेल्या जमिनींसाठीच. २००६ चा वनहक्क कायदा आला तरी दाव्यांच्या फाइली हातात घेऊन माणसं अजून तालुक्याला येतात. देवानं दिलेलं देवाला परत, हे म्हणताना मध्ये उभा असलेला माणूस ओलांडून जाता येत नाही. कृष्ण ज्याला यज्ञ म्हणतो त्यात तो माणूस धरलेला असणारच. नाहीतर तेराव्या श्लोकात, जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो, असं त्यानं कशाला म्हटलं असतं?

होपींनाही हे सोपं गेलं नाही, म्हणजे त्यांना देव्हाऱ्यात बसवायला नको. १९६० च्या दशकात त्यांच्या आदिवासी मंडळानं ब्लॅक मेसा पठारावरच्या कोळशासाठी कंपनीशी भाडेकरार केला. कोळसा दळून, जमिनीतलं गोडं पाणी घालून, त्याचा रबडा नळातून जवळजवळ ४४० किलोमीटर लांबच्या वीज केंद्रापर्यंत नेत. रोज लाखो लिटर पाणी, आणि तेही वाळवंटात. झरे आटत चालले असं म्हणत म्हातारी माणसं भांडत होती, आणि त्याच वेळी त्या पैशावर मंडळाचा कारभार चालत होता, लोकांना नोकऱ्या होत्या. २००५ च्या शेवटी ते केंद्र बंद झालं. नळ थांबला, आणि उत्पन्नाचा मोठा भागही थांबला. दोन्ही बाजूंना होपीच होते, आणि दोन्ही बाजूंना मासाऊची कथा पाठ होती. कथा माहीत असली म्हणजे निर्णय आपोआप होत नाही. पण 'ही जमीन माझी, मी वाटेल ते करीन' हे वाक्य मात्र त्यांच्यापैकी कुणाला सरळ तोंडानं म्हणता आलं नसणार.

आता आखाजी जवळ आलीये. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, आंब्याचा रस आणि मांडे होतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. आणि सालदाराचं वर्षही त्याच दिवशी संपतं नि नवं सुरू होतं. म्हणजे पितरांचं देणं आणि राबणाऱ्या माणसाचं देणं, दोन्हीचा दिवस एकच. आमच्या बटाईचा हिशोबही त्याच दिवशी होतो, ओट्यावर बसून, वहीत. यंदा दादा, आई आणि मी, तिघंही त्या हिशोबाला बसणार आहोत, आणि नानांच्या घरच्यांनाही बोलावलंय. जमीन विकली तर पहिली विचारणा त्यांना व्हावी का, थोडा तुकडा त्यांच्या नावावर करता येईल का, की बटाई पुढे चालू ठेवायची आणि त्यांचं नाव नमुना बारात लावायची हिंमत करायची, असे तीन रस्ते मी लिहून ठेवलेत. शेवटचा ऐकून दादा हसला होता. नाना काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित चौथंच काहीतरी म्हणतील.

उद्या अकरावा श्लोक, देव आणि माणूस एकमेकांना वाढवतात तो. आज जेवायला बसलात की ताटातल्या एखाद्या पदार्थाचं गाव शोधून बघा. सापडलं तर त्या गावाचं नाव घेऊन पहिला घास घ्या.

राम कृष्ण हरी.